एका खाड्याची किंमत

गर्भिणीच्या दंडाला पट्टा बांधावयाचा, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरावयाची, हवा सोडताना नळीतून नाडीचे ठोके ऐकावयाचे आणि दोन आकडे तिच्या कार्डावर लिहावयाचे, एवढ्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. इटलीतील स्कीपिओने रिवा-रोच्ची या वैद्याने हा पट्टा १८९६ साली तयार केला आणि रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्हने ठोके ऐकण्याची रीत १९०५ साली सांगितली. तंत्र इतके जुने आणि इतके स्वस्त आहे की त्याबद्दल वृत्तपत्रात लिहावे असे कोणास वाटू नये. तरीही लिहावे लागते. कारण त्या दोन मिनिटांसाठी आमच्या माहीममधील किंवा रुळांपलीकडच्या धारावीतील एखादी कष्टकरी स्त्री जेव्हा पालिकेच्या दवाखान्यात रांगेला बसते, तेव्हा ती दोन मिनिटे नव्हे, तर दिवसाची मजुरी मोजत असते. घरकाम करणाऱ्या बायकांच्या भाषेत तो ‘खाडा’ होय. प्रस्तुत लेखिका अर्थशास्त्र शिकवते, वैद्यक नव्हे. परंतु नवजात अर्भकाच्या प्रकृतीचा एक मोठा प्रश्न या खाड्याच्या हिशेबात अडकलेला आहे, असे तिला अनुभवाने पटलेले आहे.

वारेचा दोष, बाळाची उपासमार

प्रथम वैद्यकीय बाजू. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब किमान चार तासांच्या अंतराने दोन वेळा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर ती धोक्याची सूचना समजतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर ताण दिसू लागला, तर त्या विकाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. दाब १६०/११० पर्यंत गेला म्हणजे तासांचा हिशेब सुरू होतो. विकार विकोपास जाऊन झटके येऊ लागले, की तो एक्लॅम्प्सिया. जगभरच्या गर्भिणींत शंभरामागे दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्प्सिया होतो. मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाच्या खालोखाल याच गटातील विकारांचा क्रम लागतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार त्यांचा वाटा सुमारे सोळा टक्के आहे.

आता हा दाब वाढतो का? गर्भधारणेच्या पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील पीळदार रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद करतात. चिंचोळ्या ओहोळाचे संथ, विस्तृत पात्र व्हावे, तसे त्यांचे होते आणि बाळाला पुरेसे रक्त मिळू लागते. काही स्त्रियांत हे काम अर्धवट राहते. वारेला रक्त कमी पडते. मग त्या उपाशी वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात, तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतात आणि दाब चढू लागतो. म्हणजे दंडावर मोजला जाणारा दाब हा पुष्कळदा आतल्या बिघाडाचा निरोप असतो. तो निरोप आईच्या शरीरावर उमटतो. परंतु उपासमार बाळाचीही चाललेली असते. म्हणूनच अशा बाळांची वाढ खुंटते, काही वेळा वार अकाली सुटते, काही बाळे पोटातच दगावतात.

दाब उतरवणारी औषधे आहेत, झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ या चाचणीत तेहतीस देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे तीत सिद्ध झाले. पण मूळ विकारावर खात्रीचा उपाय एकच: बाळ आणि वार बाहेर काढणे. आठवा महिना नुकता लागलेला असताना हा निर्णय घ्यावा लागला, तर आईचा रोग उतरणीला लागतो आणि मुलाच्या अडचणी सुरू होतात. थांबावे तर दोघांनाही धोका, घाई करावी तर मूल अपुऱ्या दिवसांचे. प्रसूतितज्ज्ञाचे सारे कौशल्य या दोहोंमधला योग्य दिवस निवडण्यात असते. आणि तो निवडण्यासाठी त्याला आधीच्या महिन्यांतील आकडे लागतात.

अपुऱ्या दिवसांचे ओझे

‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्या महिन्याचे जगत नाही,’ ही आपल्याकडची जुनी समजूत निराधार आहे. पोटातला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो; मात्र पोटातले पोषणच आटले असेल, तर गोष्ट वेगळी. लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांत त्यांना फुगलेले ठेवणारे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, म्हणून श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाते. अंगावर चरबी नसल्याने ते गार पडते. साठा नसल्याने रक्तातील साखर उतरते. आईच्या या विकारामुळे काही बाळांच्या रक्तातील बिंबिका व पांढऱ्या पेशी कमी भरतात, आतडी नाजूक राहतात. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा घालता येत नाही, म्हणून दूध नळीने द्यावे लागते.

यातील फुप्फुसांच्या प्रश्नावर एक उपाय आहे. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिले, की अकाली प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. इंजेक्शन महाग नाही. मात्र त्याचा पुरता गुण येण्यास सुमारे एक दिवस मिळावा लागतो. ज्या स्त्रीचा दाब आठवडाभर आधी लक्षात आला, तिला तो दिवस मिळतो. जिला झटके येत असताना गाडीतून आणले, तिला बहुधा मिळत नाही.

अशी आई स्वतः अत्यवस्थ असते, तिला दूध उशिरा येते. नेमक्या याच बाळांना त्या दुधाची सर्वाधिक गरज असते. माहीमपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली म्हणून ओळखली जाते. एका आईचे अधिकचे दूध दुसरीच्या दीड किलोच्या मुलाला मिळावे, ही कल्पना एका महापालिका रुग्णालयात, धारावीच्या वेशीवर रुजली, याचा मुंबईकरांनी अभिमान बाळगावा.

बाळ घरी आले म्हणजे प्रकरण मिटले असेही नाही. ब्रिटनच्या डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात जन्मवजन आणि पुढील आयुष्यातील हृदयविकार यांचा संबंध दाखविला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भिणींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. आपली बाळे वजनाने कमी असूनही तुलनेने चरबी राखून असतात, हे त्यातून जगापुढे आले. तो अभ्यास मुख्यतः पोषणाचा होता, रक्तदाबाचा नव्हे. परंतु गर्भातील ओढाताण आयुष्यभर शरीरात वावरते, हा त्याचा बोध येथेही लागू पडतो. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या मातांच्या मुलांचा रक्तदाब मोठेपणी थोडा अधिक राहतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि त्या मातांना स्वतःला पुढे हृदयविकाराचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो.

एका घरातील दोन गर्भिणी

येथे एक खासगी गोष्ट सांगणे भाग आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी गरोदर असताना सातव्या महिन्यात माझा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. कॉलेजने पगारी रजा दिली. आठवड्यातून दोनदा तपासणी झाली. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन जेमतेम अडीच किलो होते, पण ती ठणठणीत होती.

त्याच वर्षी आमच्याकडे भांडी-कपड्यांना येणारी बाई गरोदर होती. तिचे ते पहिलेच बाळंतपण. महिना नऊशे रुपये पगार. म्हणजे एका खाड्याचे तीस रुपये. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या आकड्यांशेजारी तिच्या खाड्याच्या फुल्या मी मारीत असे. महिन्याचे दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, हा इमारतीतला रिवाज होता आणि मी तो पाळीत होते. दवाखान्याच्या रांगेपायी एका महिन्यात तिचे तीन खाडे झाले. मी तीस रुपये कापले. अशी तिची चार घरे होती आणि चारही घरांनी कापले असावेत. पुढच्या महिन्यात तिने खाडा केला नाही. मला सोयीचे झाले. ती दवाखान्यात गेली होती का, हे मी विचारले नाही.

एकदा ती म्हणाली, ‘‘ताई, डोकं लई ठणकतंय. उन्हानं असंल.’’ मी तिला चहा दिला, डोकेदुखीची गोळी दिली. पायांवर सूज होती, तीही मी पाहिली होती. गरोदरपणात पाय सुजतातच, असे आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितले. सातवा संपता संपता डोहाळजेवण झाले आणि रिवाजाप्रमाणे ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी गेली. दवाखान्याचे कार्ड इथे खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत राहिले. दहा दिवसांनी तिला झटके आले. जीपने जिल्ह्याच्या गावी नेले, तेथे तातडीने मोकळी केली. मुलगा दीड किलोचा. तो चोवीस दिवस रुग्णालयात होता. उपचारांचे पैसे पडले नाहीत. पण नवऱ्याची महिन्याची मजुरी बुडाली, भिशी मोडली, भावाने पतपेढीतून कर्ज काढले. मुलगा वाचला. शाळेत जातो. चष्म्याचा नंबर मोठा आहे आणि अंगाने तो किरकोळ आहे, एवढे मला ठाऊक आहे.

मी तीस रुपये कापले नसते तर हे सारे टळले असते, असा दावा मी करणार नाही. या विकाराचा पूर्ण प्रतिबंध आज कोणालाच करता येत नाही. परंतु माझ्या मुलीच्या आणि तिच्या मुलाच्या जन्मवजनांत जो एका किलोचा फरक आहे, त्यात माझ्या भरपगारी रजेचा आणि तिच्या खाड्याचा काही वाटा नव्हता, असेही मला म्हणता येत नाही. त्या काळात मी विद्यार्थ्यांना पर्यायी खर्चाचा सिद्धान्त शिकवीत होते. एक गोष्ट करण्यासाठी जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. दवाखान्यातील तपासणी ‘मोफत’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा हा धडा आपण विसरलेलो असतो.

आकडे काय सांगतात?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास होते. ही कामगिरी लहान नाही. परंतु गरोदरपणात किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण देशात ५८ टक्केच होते. म्हणजे आपली व्यवस्था प्रसूतीच्या खाटेपर्यंत पोहोचली. त्या खाटेपर्यंत नेणाऱ्या महिन्यांत ती पुरेशी पोहोचलेली नव्हती. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता, आणि त्यांपैकी ११ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. लसी, जुलाबावरची साखर-मीठ-पाण्याची संजीवनी यांनी थोराड बाळे वाचविली. उरलेल्या मृत्यूंचे मूळ बव्हंशी जन्मापूर्वीच्या आणि जन्मक्षणीच्या काळात आहे.

मदतीच्या योजनाही याच उणिवेकडे बोट दाखवतात. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळू लागले. २०२२ च्या सुधारित रचनेत त्यांतील तीन हजार नोंदणी व पहिल्या सहा महिन्यांतील किमान एका तपासणीनंतर आणि दोन हजार बाळाच्या जन्मनोंदणी व लसीकरणानंतर द्यावयाचे ठरले. हेतू चांगला. पण दाब चढतो तो बहुधा सातव्या, आठव्या, नवव्या महिन्यांत. पहिल्या तपासणीला पैसे आणि लसीला पैसे. मधल्या, सर्वांत जोखमीच्या फेऱ्यांना काही नाही. प्रोत्साहन कशासाठी दिले जाते त्यावर माणसाचे वागणे ठरते, हे अर्थशास्त्राचे पहिले पान आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा वाद

हा प्रश्न मुंबईस नवा नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया कामाला होत्या, त्या काळी गरोदर कामगार स्त्रीला सुट्टी आणि भत्ता द्यावा का, यावर मुंबईच्या विधिमंडळात वाद झाला. २८ जुलै १९२८ रोजी त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही ताजा आहे. आईला प्रसूतीनंतरच नव्हे, तर प्रसूतीपूर्वीही विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु तिच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही त्या जबाबदारीतून सुटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातील तो असा पहिला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली.

मात्र गिरण्यांतल्या स्त्रियांची संख्या दशकानुदशके घटत गेली आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याही उरल्या नाहीत. श्रम संपले नाहीत. ते गिरणीच्या फाटकातून निघून इमारतींच्या जिन्यांवर आले. सव्वीस आठवड्यांची रजा माझ्यासारखीला आहे. चार घरची भांडी घासणारीला चार मालकिणी आहेत आणि रजा एकीकडेही नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला, ही चांगली सुरुवात होती. पण दिनदर्शिकेवरची फुली कोणत्याही कायद्याने अद्याप पुसलेली नाही.

पट्टा बांधणे पुरेसे नाही

कोणी म्हणेल, मग आशा कार्यकर्तीच्या हाती रक्तदाबाचे यंत्र द्या, म्हणजे झाले. हा प्रयोग आपल्या सीमेवर, बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, २०१४ नंतर झाला. पाकिस्तान आणि मोझांबिक येथेही तो झाला. २०२० साली त्याचे एकत्रित निष्कर्ष आले ते नम्र करणारे होते: नुसत्या योजनेने एकंदर मृत्यू व गंभीर आजार लक्षणीय घटले नाहीत. मात्र ज्या स्त्रियांशी आठ वा अधिक वेळा संपर्क झाला, त्यांच्यात मृतजन्म बरेच कमी आढळले. अशा तुलनेत इतर कारणांचा भाग असू शकतो, हे मान्य. तरी दिशा स्पष्ट आहे. एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ पासून आठ भेटी सांगितल्या आहेत. घरकामगार स्त्रीच्या हिशेबात याचा अर्थ आठ खाडे.

औषधांच्या बाबतीतही आशादायक पुरावा घराजवळचाच आहे. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देण्याची जी मोठी चाचणी सहा देशांत झाली, तिची भारतातील केंद्रे नागपूर आणि बेळगाव येथे होती. सुमारे बारा हजार स्त्रियांच्या या चाचणीत मुदतपूर्व जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. कॅल्शियमच्या गोळ्यांनी, विशेषतः आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांत, प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका घटतो. आणि रोज ५०० मिलिग्रॅमची मात्रा १५०० इतकीच उपयोगी पडते, हे २०२४ साली भारत व टांझानियातील अभ्यासाने दाखविले. ॲस्पिरिन कोणी, कधी घ्यावी हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. पण तीही ठरते ती पहिल्या भेटीत, आणि पुढे चालते ती पुढच्या भेटींमुळे. फिरून आपण त्याच रांगेपाशी येतो.

करता येण्याजोगे

उपाय भव्य नाहीत. संध्याकाळी दवाखाना चालविणे मुंबईत आता नवलाचे राहिलेले नाही. पालिकेचे ‘आपला दवाखाना’ २०२२ पासून सुरू झाले आहेत. गर्भिणींची तपासणी आठवड्यातून दोनदा तरी कामाची वेळ संपल्यावर व्हावी. मातृवंदनेच्या रकमेचा एक हिस्सा सातव्या महिन्यानंतरच्या तपासण्यांशी जोडावा. माहेरी निघालेल्या प्रत्येकीच्या पिशवीत कार्ड आहे ना, हे पाहून तिच्या गावच्या आरोग्य केंद्राला आधी कळविण्याची जबाबदारी दवाखान्याची असावी. डोहाळजेवणाची हिरवी साडी विसरत नाही, तसे कार्डही विसरू नये. आणि डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, वरच्या पोटात दुखणे, चेहरा-हात एकाएकी सुजणे, ही लक्षणे उन्हाची नव्हेत, त्याच दिवशी दाब मोजून घ्यावा, हे घरोघरच्या सासवा-आयांना ठाऊक व्हावे. बाळंतपणानंतरचे काही दिवसही धोक्याचेच असतात.

पैसा कोठून आणावा, असा प्रश्न येथे हमखास निघतो. ज्या बाळाला तीन आठवडे पेटीत ठेवावे लागते, त्याच्यासाठी पैसा येतोच. तो सरकारचा असतो, भिशीचा असतो, पतपेढीच्या व्याजाचा असतो. फरक इतकाच, की तो उशिरा येतो.

राहिली आपली, म्हणजे मालकिणींची, गोष्ट. तिच्यासाठी ना कायदा लागतो, ना अंदाजपत्रक. आमच्या इमारतीत गेल्या काही वर्षांपासून एक बदल झाला आहे. गरोदर बाईच्या दवाखान्याच्या दिवशी दिनदर्शिकेवर फुली मारायची नाही. त्या चौकोनात तिचे रक्तदाबाचे दोन आकडे लिहावयाचे. त्यामुळे ती गेली होती का, हे विचारावेच लागते.